गरुड नोटेवर, झाड वखारीत

१८९६ हे फिलिपिन्सच्या इतिहासातलं धामधुमीचं वर्ष. ऑगस्टमध्ये मनिलाच्या परिसरात कातिपुनान या गुप्त संघटनेने स्पेनच्या सत्तेविरुद्ध बंड पुकारलं आणि ३० डिसेंबरला होसे रिझाल या लेखक-डॉक्टरला स्पॅनिश सरकारने गोळ्या घातल्या. त्याच वर्षी मनिलापासून दूर, सामार बेटावरच्या घनदाट अरण्यात जॉन व्हाइटहेड नावाचा एक इंग्रज पक्षी गोळा करत हिंडत होता. तो त्याचा पेशाच होता. युरोपातल्या संग्रहालयांना दूरदेशीचे पक्षी हवे असत. ते मिळवायचे तर बंदूक घेऊन रानात शिरायचं, पक्षी पाडायचा, कातडं सोलून सुकवायचं आणि पेटीत भरून बोटीने रवाना करायचं. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर त्याने असंच काम केलं होतं आणि तिथल्या काही पक्ष्यांना त्याचं नावही मिळालं होतं.

सामारच्या आकाशात त्याला एक प्रचंड शिकारी पक्षी दिसला. तो माकडं उचलून नेतो, असं तिथले लोक सांगत. पुढे काही आठवड्यांनी व्हाइटहेडच्या ह्वान नावाच्या नोकराने तो पाडला. त्याचं कातडं लंडनला विल्यम ओगिल्व्ही-ग्रँट या पक्षितज्ज्ञाकडे पोचलं. त्याने ते आधी शहरातल्या एका उपाहारगृहात जाणकार मंडळींना दाखवलं आणि काही आठवड्यांनी त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं. शास्त्रीय नाव ठेवलं ‘पिथेकोफागा जेफेरी’. पहिल्या शब्दात माकडं खाण्याची ख्याती आली, दुसऱ्यात मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या व्हाइटहेडच्या वडिलांचं, जेफरी यांचं नाव आलं. व्हाइटहेड मात्र या कीर्तीचा फार काळ धनी राहिला नाही. १८९९ साली हायनान बेटावर तापाने तो गेला, तेव्हा त्याने चाळिशीही गाठलेली नव्हती.

जगातल्या सर्वांत मोठ्या गरुडांपैकी एक असलेला हा पक्षी शास्त्राला इतक्या उशिरा कळला, याचं कारण त्याच्या राहण्यात आहे. तो मोकळ्या आभाळात फारसा घिरट्या घालत नाही. डोंगरउतारावरच्या दाट जंगलात एखाद्या उंच झाडावर बसून राहतो, भक्ष्य दिसेपर्यंत हलत नाही, मग पुढच्या झाडावर जातो. लांबी जवळजवळ एक मीटर, पंख पसरले की दोन मीटर, मादीचं वजन सहा-सात किलोंच्या घरात. डोक्यावर लांब तपकिरी पिसांचा तुरा. रागावला किंवा बुजला की तो तुरा सिंहाच्या आयाळीसारखा उभा राहतो. चोच बाजूने पाहिली तर खूप खोल, समोरून पाहिली तर आश्चर्य वाटावं इतकी अरुंद. आणि डोळे निळसर करडे, जे शिकारी पक्ष्यांत क्वचितच दिसतात.

माकडं तो खातो, पण त्याचं पोट त्यांच्यावर चालत नाही. मिंडानाओ बेटावर त्याचं मुख्य भक्ष्य म्हणजे कागवांग. हातापायांमधल्या कातडीच्या पडद्यावर तरंगत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारा हा निशाचर प्राणी दिसायला आपल्या उडत्या खारीसारखा, पण कुळ अगदी वेगळं. लुझोन बेटावर कागवांग नाहीत, तिथे हाच गरुड झाडांवर राहणाऱ्या मोठ्या उंदरांवर गुजराण करतो. उदमांजर, धनेश, घोरपड, साप हेही त्याला चालतात. माकडांची शिकार करताना जोडी मिळून डाव टाकते: एक गरुड कळपासमोर येऊन बसतो, माकडं त्याच्याकडे बघत कलकलाट करतात आणि दुसरा पाठीमागून झडप घालतो.

दिसण्यावरून त्याला बराच काळ दक्षिण अमेरिकेतल्या हार्पी गरुडाचा भाऊबंद समजत. २००५ साली डीएनएच्या अभ्यासाने ते नातं मोडीत निघालं. त्याचे खरे सगेसोयरे सर्पगरुड ठरले. म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात शीळ घालत घिरट्या मारणारा आपला तुरेवाला सर्पगरुड आणि माळरानावर पंख फडफडवत हवेत एका जागी स्थिरावणारा सापमार गरुड हे या फिलिपिनी गरुडाचे चुलत भाऊ आहेत. बेटावर अडकून, दुसरा कोणी मोठा शिकारी प्राणी नसल्यामुळे, साप खाणाऱ्या कुळातला एक पक्षी वाढत वाढत वाघाच्या जागी जाऊन बसला.

सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशात तो फक्त चार बेटांवर सापडतो: लुझोन, सामार, लेइते आणि मिंडानाओ. हिमयुगात समुद्र खाली गेला होता, तेव्हा सामार, लेइते आणि मिंडानाओ एकमेकांना जमिनीने जोडलेली होती. खुल्या समुद्रावरून लांब उडणं या जंगली पक्ष्याच्या स्वभावात नाही. पालावान, पनाय, नेग्रोस इथे तो आढळत नाही. लुझोनमध्ये त्याची वस्ती मुख्यतः पूर्वेच्या सिएरा माद्रे डोंगररांगेत आणि उत्तर टोकाच्या आपायाओ प्रांतात आहे. सामार-लेइतेत त्याची संख्या कायम थोडी. अर्ध्याहून अधिक पक्षी मिंडानाओत. ही विभागणी ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढे जे घडलं त्याचा सर्वांत मोठा घाव मिंडानाओवरच बसला.

या गरुडाचं आयुष्य संथ आहे. मादी साधारण पाचव्या वर्षी आणि नर सातव्या वर्षी वयात येतो. जोडी दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालते. ते सुमारे दोन महिने उबवावं लागतं. पिल्लू पाच-साडेपाच महिने घरट्यात राहतं आणि उडायला शिकल्यावरही पुढचं वर्षभर आईबापांच्या आधाराने जगतं. म्हणजे एका जोडीला एक वारस तयार करायला दोन वर्षं लागतात आणि तो वारस स्वतः घरटं बांधण्याआधी आणखी पाच-सात वर्षं जातात. असा पक्षी दुष्काळ, वादळ सोसू शकतो. माणूस एका बंदुकीने दर वर्षी एक पक्षी मारू लागला, तर ती तूट तो कधीच भरून काढू शकत नाही.

आणि घरटं कुठे? जमिनीपासून सुमारे तीस मीटर उंच, इतर झाडांच्या छतातून डोकं वर काढणाऱ्या एखाद्या महावृक्षाच्या दुबेळक्यात. दीडेक मीटर रुंदीचा काटक्यांचा माच आणि त्यावर हिरव्या पाल्याचं अंथरूण. हा महावृक्ष बहुतेक वेळा लुआन जातीचा असतो. आपल्याकडच्या सालाच्या कुळातलं हे झाड. सरळसोट खोड, खाली फांद्या नाहीत, लाकूड कापायला मऊ आणि रंगायला सुबक. गरुडाला जे झाड हवं होतं तेच झाड लाकूड कंपन्यांनाही हवं होतं. या गरुडाची कथा मी जेवढी वाचली, तेवढं मला पटत गेलं की ती बंदुकीची कथा कमी आणि करवतीची जास्त आहे.

१८९८ साली स्पेन गेला आणि अमेरिका आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्सचा सुमारे ७० टक्के भूभाग जंगलाखाली होता, म्हणजे तीन कोटी हेक्टरांपैकी दोन कोटींहून अधिक. अमेरिकी वनखात्याने या जंगलाकडे हिशेबी नजरेने पाहिलं. वाफेवर चालणाऱ्या करवतगिरण्या आल्या, लाकूड ओढायला रेल्वे आली आणि लुआनचं लाकूड ‘फिलिपीन महोगनी’ या नावाने अमेरिकेच्या बाजारात खपू लागलं. महोगनीशी त्याचं काही नातं नव्हतं, पण नाव चाललं.

याच सुमारास मिंडानाओकडे माणसांचा ओघ सुरू झाला. मनिलाच्या सरकारने या दक्षिणेतल्या बेटाची ‘आशेची भूमी’ म्हणून जाहिरात केली. १९१३ पासून शेतकरी वसाहती वसवल्या गेल्या, १९३९ साली त्यासाठी खास सरकारी यंत्रणा उभी राहिली. लुझोन आणि विसाया बेटांवरचे भूमिहीन लोक बोटीतून उतरू लागले. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण ते भुकेपोटी आले होते. १९०३ साली सगळ्या फिलिपिन्सची लोकसंख्या ७६ लाख होती. २०२० साली एकट्या मिंडानाओची लोकसंख्या दोन कोटी साठ लाखांवर गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली देश स्वतंत्र झाला आणि कुऱ्हाडीला खरा वेग आला. उद्ध्वस्त जपान पुन्हा उभा राहत होता, त्याला लाकूड हवं होतं. मिंडानाओच्या पूर्व किनाऱ्यावर बिस्लिगला १९५०च्या दशकात एका लाकूड कंपनीला अवाढव्य जंगलपट्टा मिळाला. पुढे त्याच्यावर देशातली सर्वांत मोठी कागदगिरणी उभी राहिली. अशा किती तरी कंपन्या होत्या. १९६०च्या दशकात उष्ण कटिबंधातल्या लाकडाची निर्यात करणाऱ्या देशांत फिलिपिन्स आघाडीवर होता.

हे जंगल नेमकं कसं गेलं, ते जवळून पाहिलं पाहिजे. कंपनी डोंगरात रस्ता काढी आणि निवडक मोठी झाडं तोडी. कागदोपत्री ही ‘निवडक तोड’ असल्याने उरलेलं जंगल पुन्हा वाढेल, असा हिशेब असे. पण निवडक म्हणजे सर्वांत मोठं झाड, म्हणजेच घरट्याचं झाड. ते पडताना आजूबाजूची दहा लहान झाडं घेऊन पडे. ट्रक निघून गेले की त्याच रस्त्याने भूमिहीन कुटुंबं आत शिरत, उरलेली झाडी तोडून जाळत आणि मका, केळी, धाग्यासाठी अबाका लावत. कोकणात जिला कुमरी म्हणत, तशी ही फिरती शेती तिथे काइंगिन म्हणून ओळखली जाते. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आदिवासी जमीन बदलत, पडीक ठेवत, जंगलाला परत येऊ देत. नव्या वस्त्यांना तेवढी जागाही नव्हती आणि तेवढा धीरही नव्हता. दोन-तीन पिकांनंतर उतार धुपून जाई आणि वस्ती आणखी वर सरके. गरुडही वर सरके. शेवटी डोंगरच संपे.

या शेतांच्या कडेला माणूस आणि गरुड पहिल्यांदा समोरासमोर आले. आईबापांपासून नुकतं वेगळं झालेलं पिल्लू शिकारीत कच्चं असतं. त्याला जंगलात कागवांग पकडता येत नाही, अंगणातली कोंबडी किंवा कुत्र्याचं पिल्लू पकडता येतं. मग घरमालक बंदूक काढतो. रानडुकरांसाठी लावलेल्या फासांतही गरुड सापडत. शहरात पेंढा भरलेला गरुड दिवाणखान्यात ठेवणं प्रतिष्ठेचं मानलं जाई. परदेशी प्राणिसंग्रहालयंही गिऱ्हाइकं होती. रोमच्या प्राणिसंग्रहालयात यातला एक गरुड तब्बल ४१ वर्षं जगला, आणि तो तिथे आला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. एवढं दीर्घायुष्य असलेला पक्षी रानात इतक्या वेगाने कमी होत होता.

धोक्याची पहिली हाक देणारा माणूस फिलिपिनोच होता, हे आवर्जून सांगायला हवं, कारण पुढच्या प्रसिद्धीत ते मागे पडलं. दिओस्कोरो राबोर हे सेबूचे, सिलिमान विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी देशभरातले डोंगर पालथे घातले होते. वर्षानुवर्षं त्याच जागी परत गेल्यामुळे त्यांना जे दिसलं ते कोणत्याही पाहुण्या शास्त्रज्ञाला दिसलं नसतं: गेल्या खेपेचं जंगल या खेपेला नाही. १९६५ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हा गरुड नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. त्याच दशकात रोडोल्फो गोन्झालेस यांनी मिंडानाओत एका घरट्याचा सविस्तर अभ्यास केला आणि तो १९६८ साली सिलिमानच्या नियतकालिकात छापून आला. शास्त्राला पक्षी माहीत होऊन ७२ वर्षं झाल्यावर त्याच्या संसाराची अशी नोंद हाती आली.

मग चार्ल्स लिंडबर्ग आला. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणारा हा वैमानिक उतारवयात वन्यजीवांच्या कामाला लागला होता. १९६९ ते १९७२ या काळात जागतिक वन्यजीव निधीचा प्रतिनिधी म्हणून तो अनेकदा फिलिपिन्सला गेला. राबोर यांचं म्हणणं वृत्तपत्रांच्या आतल्या पानात राहत होतं. लिंडबर्ग बोलला की राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस भेटीची वेळ देत. १९६९ साली या गरुडासाठी संवर्धन कार्यक्रम सुरू झाला. १९७० साली प्रजासत्ताक कायदा क्रमांक ६१४७ झाला आणि गरुड मारणं, पकडणं, बाळगणं गुन्हा ठरलं. १९७०च्या दशकात रॉबर्ट केनेडी या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञाने मिंडानाओत राहून त्याचा कसून अभ्यास केला. ८ मे १९७८ रोजी मार्कोस यांनी अधिकृत घोषणा काढली की ‘माकडखाऊ गरुड’ हे नाव यापुढे वापरायचं नाही, त्याला ‘फिलिपीन गरुड’ म्हणायचं.

कायदा झाला, नाव झालं. पण त्याच राजवटीत लाकूडतोडीचे परवाने खिरापतीसारखे वाटले गेले. १९७०च्या दशकात सुमारे एक कोटी हेक्टर जमीन परवानाधारक कंपन्यांच्या ताब्यात होती. देशाचा तिसरा हिस्सा! परवाने मिळवणारे बहुतेक सत्तेच्या जवळचे. पक्षी मारणाऱ्या शेतकऱ्याला तुरुंगवास सांगणारं सरकार त्या पक्ष्याचं घरटं असलेलं झाड विकण्याची परवानगी देत होतं. या विसंगतीत मला या इतिहासाचं सार दिसतं. १९८३ साली ५० सेंतिमोच्या नाण्यावर गरुड आला आणि त्याचं शास्त्रीय नाव चुकीचं कोरलं गेलं. ‘पिथेकोफागा’ऐवजी ‘पिथेकोभागा’. ती अक्षराची चूक नंतर दुरुस्त झाली. जंगलाच्या हिशेबातली चूक तशी दुरुस्त होणारी नव्हती.

१९८६ साली मार्कोस पळाले आणि नैसर्गिक जंगलातल्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी आली. तोवर विकण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. शतकाच्या सुरुवातीला जिथे ७० टक्के जंगल होतं, तिथे शतक संपताना १८ टक्क्यांच्या आसपास राहिलं, आणि त्यातलं जुनं, न तोडलेलं जंगल आणखी थोडं. ५ नोव्हेंबर १९९१ रोजी लेइते बेटावर वादळी पाऊस कोसळला. उघड्या पडलेल्या डोंगरांवरून पाण्याचा लोंढा ओर्मोक शहरात घुसला आणि काही तासांत हजारो माणसं मेली. गरुडाच्या चार बेटांपैकी हे एक बेट. जंगल गेल्याची किंमत माणसाने कशी मोजली, याचं याहून भयंकर उदाहरण फिलिपिन्सच्या इतिहासात शोधावं लागेल.

त्या वर्षी जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, नोव्हेंबरमध्ये ओर्मोक बुडालं होतं. देश हबकलेला होता. अशा वेळी १५ जानेवारी १९९२ रोजी दावाव शहराच्या मालागोसमधल्या गरुड केंद्रात एका अंड्याला तडा गेला आणि एक पांढरं, ओलं पिल्लू बाहेर आलं. माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेला हा पहिला फिलिपीन गरुड. त्याचं नाव ठेवलं ‘पाग-आसा’, म्हणजे आशा.

या एका पिल्लामागे दीड दशकाची खटपट होती. हे गरुड पिंजऱ्यात सहज जुळत नाहीत. नको असलेला जोडीदार आत सोडला तर मादी त्याच्यावर चालून जाते, कधी जिवावर बेतते. म्हणून केंद्रातल्या लोकांनी वेगळी वाट धरली. लहानपणापासून माणसांत वाढलेला गरुड सांभाळणाऱ्यालाच आपला जोडीदार मानतो. मग तोच माणूस रोज ठरावीक वेळी पिंजऱ्यात जातो, काटक्या आणि पाला आणतो, गरुडाबरोबर घरटं रचतो, त्याच्यासारखी साद घालतो. विणीचा हंगाम आला की पक्षी त्याच्यापुढे मान खाली घालतो, पंख पाडतो. नराकडून रेत मिळतं, ते मादीला दिलं जातं. गोठ्यातल्या गाईसाठी शेतकऱ्याला ठाऊक असलेलं कृत्रिम रेतन, पण इथे पक्ष्याचा विश्वास मिळवायलाच वर्षं जातात. सांभाळणाऱ्याने मध्येच नोकरी सोडली तर तो पक्षी दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईलच असं नाही. दोमिंगो तादेना यांच्यासारख्या माणसांनी या कामात आयुष्य घातलं.

पाग-आसाही असाच माणसांत वाढला. त्यामुळे त्याला रानात सोडता आलं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला माबुहाय नावाचं एकमेव अपत्य झालं. ६ जानेवारी २०२१ रोजी, एकोणतिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस बाकी असताना, संसर्गाने तो गेला. १९९२ पासून तीन दशकांत या केंद्रात तीसच्या आसपास पिल्लं जन्मली. परिश्रमांना सलाम करूनही सांगावं लागतं की वर्षाला एक पिल्लू या वेगाने कोणतीही जात परत उभी राहत नाही.

पिंजऱ्यातला पक्षी जंगलात सोडण्याचा प्रयत्नही झाला. काबायान हा केंद्रात जन्मलेला पहिला गरुड २००४ साली आपो पर्वतावर सोडला. जानेवारी २००५ मध्ये विजेच्या तारेचा धक्का बसून तो मेला. मार्च २००८ मध्ये बुकिद्नोनच्या किताङ्लाद पर्वतावर कागसाबुआ नावाचा तरुण गरुड सोडला. चार महिन्यांनी एका तरुण शेतकऱ्याने त्याला छर्‍याच्या बंदुकीने पाडलं आणि मित्रांसोबत शिजवून खाल्लं. देश हळहळला, खटला चालला, दंड झाला. १२ जून २०१५ रोजी, स्वातंत्र्यदिनी, गोळीच्या जखमेतून बरी झालेली पामाना ही मादी हामिगितान पर्वताच्या संरक्षित जंगलात सोडली. १६ ऑगस्टला ती ओढ्याकाठी मेलेली सापडली, छातीत गोळीची जखम. दोन महिने!

या घटना ऐकून शेतकऱ्याला राक्षस ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. २००१च्या वन्यजीव कायद्याखाली असा पक्षी मारणाऱ्याला बारा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख पेसोंपर्यंत दंड होऊ शकतो. डोंगरातल्या शेतकऱ्याने तेवढे पैसे जन्मात पाहिलेले नसतात. त्याच डोंगरातून शेकडो घरट्यांची झाडं घेऊन गेलेल्या कंपन्यांपैकी गरुडाच्या नावाने कोणाला शिक्षा झाली? मारणाऱ्याला शासन व्हायलाच हवं. पण इतिहास लिहिताना गुन्ह्याचं वजन नीट वाटलं पाहिजे.

आणि गरुड वाचवणाराही बहुतेक वेळा तोच डोंगरातला माणूस असतो. १९८७ साली स्थापन झालेल्या फिलिपीन गरुड प्रतिष्ठानने हे लवकर ओळखलं. घरटं शोधायचं तर जंगल पाठ असलेला आदिवासीच लागतो. दावावच्या डोंगरांतल्या ओबू मनुवू लोकांनी हा गरुड आपल्या पूर्वजांचा पवित्र ठेवा मानला. त्यांची मुलं ‘बान्ताय बुकिद’, म्हणजे डोंगराचे राखणदार, म्हणून गस्त घालतात, फास काढून टाकतात, झाड तोडणाऱ्याला अडवतात. त्यांना मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो. तरी जिथे ते आहेत तिथे घरटी टिकली आहेत.

सन्मान मात्र वाढत गेले. ४ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांनी माया या चिमणीएवढ्या पक्ष्याऐवजी गरुडाला राष्ट्रीय पक्षी घोषित केलं. २०१९ साली एक जोडी मैत्रीची खूण म्हणून दहा वर्षांसाठी सिंगापूरला धाडली. तिथे २०२३ साली नर फुप्फुसाच्या विकाराने दगावला. २०२२ साली एक हजार पेसोंची नवी प्लास्टिकची नोट निघाली. आधीच्या नोटेवर जपानी आक्रमणाच्या काळात प्राण दिलेल्या तीन देशभक्तांची चित्रं होती. ती काढून गरुडाचं चित्र आलं. वाद झाला, तो योग्यच होता. हुतात्म्यांना बाजूला सारून पक्ष्याचा मान वाढत नाही.

२०११ साली नैसर्गिक जंगलात झाडं तोडण्यावर देशभर स्थगिती आली, हा मला या सगळ्या घोषणांपेक्षा मोठा निर्णय वाटतो. तो निदान झाडाबद्दल होता.

आज किती गरुड उरले आहेत? घनदाट डोंगरात त्यांची शिरगणती होऊ शकत नाही, म्हणून अंदाज घरट्यांमधल्या अंतरावरून आणि उरलेल्या जंगलावरून काढतात. २००३च्या एका अभ्यासाने मिंडानाओत ८२ ते २३३ जोड्या असाव्यात असं म्हटलं. २०२३ साली उपग्रहचित्रांच्या आणि नोंदींच्या आधारे संपूर्ण देशाचा अंदाज आला: सुमारे ३९२ जोड्या, म्हणजे ७८४ प्रौढ पक्षी. वर्तमानपत्रांत हा आकडा गरुड वाढल्यासारखा वाचला गेला. तसं नाही. मोजण्याची रीत सुधारली, पक्षी वाढले नाहीत. १९९४ पासून हा गरुड जागतिक लाल यादीत ‘अतिधोक्यात’ या वर्गात आहे आणि तिथून हललेला नाही.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. एका जोडीला सुमारे ७३ चौरस किलोमीटर जंगल लागतं. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. म्हणजे त्या सगळ्या उद्यानात एक जोडी मावेल आणि दुसरीला जागा कमी पडेल. तुकड्यातुकड्यांच्या जंगलात हा पक्षी का तगत नाही, ते यावरून कळतं.

चार बेटांपैकी लेइतेवर तर तो संपल्यातच जमा झाला. ८ नोव्हेंबर २०१३ च्या महावादळाने तिथलं उरलंसुरलं जंगल झोडपून काढलं आणि नंतरच्या पाहण्यांत गरुड आढळला नाही. जून २०२४ मध्ये मिंडानाओतून दोन गरुड आणून लेइतेच्या डोंगरात सोडले गेले. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गरुड वसवण्याचा हा पहिलाच प्रयत्न. त्यातला उस्वाग काही आठवड्यांतच बेट सोडून उडाला आणि समुद्रात मेलेला सापडला. माणसाने नव्हे, पाण्याने त्याचा बळी घेतला. प्रयत्न सोडू नये, असंच मला वाटतं. लेइतेच्या डोंगरात अजून जंगल आहे आणि ते रिकामं ठेवलं तर तेही कोणीतरी मागायला येईल.

गरुड राहू शकेल असं जंगल आज साऱ्या फिलिपिन्समध्ये सुमारे २८,६०० चौरस किलोमीटर आहे. २०२३च्या अभ्यासानुसार त्यातलं फक्त ३२ टक्के संरक्षित क्षेत्रात येतं. बाकी दोन तृतीयांश जंगल संरक्षणाखाली आणणं आणि तिथल्या आदिवासी राखणदारांना जगण्यापुरता पगार देणं, ही दोन्ही कामं फिलिपिन्सच्या सरकारने करण्यासारखी आहेत. गरुडाला राष्ट्रीय पक्षी घोषित करून तीस वर्षं होऊन गेली. ही कामं अजून पुरी झालेली नाहीत.